आजारी पडायचं नाही

होळी झाली की आमचे वर्ग पुन्हा भरायला लागतात. दिवाळीनंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी आणि शेळीच्या शेजारी बसून आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली लेकरं एकेक करून परत येतात. सोनपेठ-गंगाखेड रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव. शाळा जिल्हा परिषदेची, आणि मी तिथली चौथीची मॅडम. परत आलेली लेकरं उन्हानं रापलेली असतात. दंडावर उसाच्या पात्यांचे ओरखडे असतात, पाढे विसरलेले असतात. सुरुवातीला काही दिवस ती वर्गात पाहुण्यासारखी अंग चोरून बसतात.

गेल्या वर्षी ती येताना एक खेळ घेऊन आली.

मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ हा खेळ चालायचा. एक जण मुकादम व्हायचा, बाकीची सगळी ऊसतोड्यांची टोळी. शेजारच्या रानात तुराट्यांचा, तुरीच्या वाळक्या काड्यांचा ढीग पडलेला होता. तुराट्या म्हणजे ऊस. तो तोडल्यासारखं करायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन टाकीपर्यंत पळायचं. टाकी म्हणजे उसाच्या फडात लागलेला ट्रक. मी खिडकीतून बघायचे. लेकरं भातुकलीत तरी काय करतात? मोठ्यांचं बघितलेलंच करतात, असं वाटायचं.

सगळ्यांत चांगला मुकादम व्हायची एक मुलगी. अंगानं किडकिडीत, नाकात मोहरीएवढी बारीक चमकी, केसांना तेल नसल्यामुळे सगळे केस उभे. गळ्यात टॉवेल टाकायची, खापराचा तुकडा मोबाईलसारखा कानाला लावायची आणि घसा खरवडून बाप्याच्या आवाजात बोलायची.

"गाडी लागली फडात, अन् तुमी बसले व्हय रे? ऊठ! ए, ऊठ! ताप आलाय म्हने. नाटकं करायलास!"

हातातल्या तुराटीचा फटका जमिनीवर बसायचा. टोळी खिदळत पळायची. खेळाचा नियम एकच होता, आजारी पडायचं नाही. जो दमून बसेल किंवा पोट दुखतंय म्हणेल, त्याला फटके.

त्याच महिन्यात परभणीला आमचं प्रशिक्षण झालं. विषय होता सहवेदना. लेकराला दुसऱ्याचं दुःख लहानपणीच ओळखता आलं तर मोठेपणी त्याचा हात कुणावर उठत नाही, असं तिथं सांगितलं. मला ते पटलं. येताना आम्हाला चेहऱ्यांची चित्रं दिली होती. हसरा, रडका, भ्यालेला, रागावलेला. मी ती दुसऱ्याच दिवशी वर्गात काढली. लेकरांनी सगळे चेहरे पटापट ओळखले. मग मी रडक्या मुलाचं चित्र वर धरलं आणि त्या मुलीला विचारलं, "याला काय झालं असेल?"

तिनं चित्राकडं नीट बघितलं. "काय न्हाई झालं. नाटकं करायलाय."

"कशावरून गं?"

"रडायलाय की. काम नको म्हनून रडतेत."

वर्ग हसला. मी पुढचं चित्र काढलं, पण माझं लक्ष त्या चित्रात राहिलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते घडलं. वर्गात गावातल्या मोठ्या शेतकरी घरातला एक मुलगा होता. गोरागोमटा, टिफिनमध्ये रोज तुपाची पोळी आणणारा. त्याला हा खेळ फार आवडायचा. ऊसतोडीचं काहीच माहीत नसल्यामुळे त्याची मोळी सारखी सुटायची आणि सगळे त्याला हसायचे, तोही हसायचा. त्या दिवशी त्यानं गंमत म्हणून मोळी टाकली, जमिनीवर आडवा झाला आणि कण्हायला लागला, "मला ताप आलाय, मला ताप आलाय."

मुलीनं पहिला फटका हळूच मारला. तो हसला. दुसराही तसाच. त्यानंतर काय झालं ते मी व्हरांड्यातून बघितलं. तिचा चेहरा बदलला. ती त्याच्या अंगावर तुराटी ओढायला लागली, "ऊठ, ऊठ, ऊठ." आता आवाज बाप्याचा नव्हता, तिचाच होता, चिरका. मुलगा "थांब, थांब" म्हणत होता. मी पोचेपर्यंत तुराटीचं तुटकं टोक त्याच्या भुवईवर बसलं होतं आणि डोळ्यात रक्त उतरलं होतं.

मी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, थोडं खाली असतं तर अवघड होतं. टाके घालताना त्या लेकरानं माझा हात घट्ट धरला होता. तो सारखा एकच विचारत होता, "ती कामून थांबली न्हाई, मॅडम? मी तर खेळायलो होतो."

संध्याकाळी त्याचे काका शाळेत आले. बरोबर गावातली दोन माणसं. ते ओरडले नाहीत. खुर्चीत बसून शांतपणे म्हणाले, "मॅडम, आमचं लेकरू शिकायला येतंय का मार खायला? सहा-सहा महिने रानात हुंदडलेली लेकरं तुमी आमच्या लेकरांत आणून बसवता. त्या पोरीचा दाखला देऊन टाका."

मुख्याध्यापक सरांनी माझ्याकडं बघितलं. ते निवृत्तीला आलेले, भांडण नको असलेले गृहस्थ. मी म्हटलं, "दाखला देऊन ती कुठं जाईल? आधी तिच्या वडिलांशी बोलू द्या मला."

"बोला ना. आमच्यासमोरच बोला," काका म्हणाले.

काय झालं ते मी निरोपात कळवलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी वडील आले. काकाही आले होते. ऊसतोड संपल्यावर हा माणूस काकांच्याच शेतात रोजानं जायचा, हे मला तेव्हा कळलं. आल्या आल्या त्यानं काकांना रामराम घातला. मान वर केलीच नाही. मुलगी वर्गाच्या दारात उभी होती. मी सांगायला सुरुवात केली, "हे बघा, तिला रागवू नका, आपण आधी..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यानं तिच्या दंडाला धरून तिला मैदानात ओढलं आणि मारायला लागला. पाठीत, तोंडावर, जिथं हात पडेल तिथं. मी मधे शिरले. एक दणका माझ्या खांद्यावर बसला, तेव्हा तो थांबला. धापा टाकत म्हणाला, "मॅडम, तुमीच म्हनले ना, हिनं मारलं म्हनून? मग मारल्याबिगर हिला कसं कळंल, मारू न्हाई म्हनून?"

काका म्हणाले, "बास झालं आता. जाऊ द्या."

मी मागं वळून बघितलं. चौथीचा अख्खा वर्ग खिडकीच्या गजांना लटकला होता. कुणी घाबरलेलं दिसत नव्हतं. एक जण म्हणाला, "आता रडंल बघ." दुसरा म्हणाला, "न्हाई रडायची. लावतो का पैज?" खांद्यापेक्षा तेच मला जास्त लागलं. हीच लेकरं, यांना मी सगळे चेहरे ओळखायला लावले होते.

मुलगी खरंच रडली नाही. फ्रॉक झटकला, वर्गात गेली आणि जागेवर बसली.

दाखल्याचा विषय मागं पडला. झालेला मार काकांना पुरेसा वाटला असावा. मला मात्र चैन पडेना. शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. गावाच्या कडेला पत्र्याची खोली, पुढं चूल. आई भाकरी करत होती. मुलगी लहान भावाला कडेवर घेऊन कुठंतरी गेलेली. आईनं मला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. मग तव्यावरची भाकर उलथताना म्हणाली, "ती अशी नव्हती, मॅडम. फडावर झालं तिला हे."

आणि तिनं सांगितलं. थंडीत तिला स्वतःला, आईला, ताप भरला होता. अंगावर पांघरूण घेऊन ती कोपीत, पाचटाच्या झोपडीत, पडून होती. नवराबायकोनं मिळून करायचं काम नवरा एकटाच ओढत होता, मोळ्या कमी पडल्या. मुकादम कोपीपाशी आला. ही नाटकं करते म्हणाला. नवरा मधे काही बोलला, तसं त्यानं त्याला लेकरांसमोर खाली पाडून मारलं, बुटानं.

"पोरगी तिथंच होती?"

"दारात उभी. तवा रडली न्हाई, काय न्हाई. ते गेल्यावर माझ्यापाशी आली अन् माझं पांघरून वडून काढलं. म्हनली, ऊठ. ऊठ म्हने, नाहीतर आबाला परत मारतेल." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तवापासून तिच्यासमोर कुनी आजारी पडलेलं चालत न्हाई तिला. मला साधा ठसका लागला तरी वरडती. लहान्याला जुलाब झाले तर त्याला चिमटे घेती. बेजार झाले मी."

मी घरी आले. स्वयंपाक करत होते, पण डोक्यात तेच होतं. मी त्या मुलीला दुसऱ्याचं दुःख दिसत नाही असं समजत होते. तिला ते आमच्या सगळ्यांपेक्षा आधी दिसत होतं, आणि दिसलं की तिचा हात उठत होता.

टाके निघाल्यावर मुलगा शाळेत आला. भुवईवर पट्टी. तो तिच्यापासून लांब बसला. मी कुणाला माफी मागायला लावली नाही. चित्रं कपाटात ठेवली. त्या दिवशी शेवटच्या तासाला मी लेकरांना गोल बसवलं आणि म्हटलं, "टोळीचा खेळ आज इथं खेळू. मारायचं नाही. मी मधेच टाळी वाजवली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि मी ज्याला विचारीन त्यानं आत काय होतंय ते सांगायचं."

सुरुवातीला सगळा चेष्टेचाच मामला. मुकादम झालेल्या पोराला विचारलं, आत काय होतंय? तो म्हणाला, "भूक लागलीय." हशा. मोळी डोक्यावर घेतलेल्या मुलीला विचारलं, तर ती लाजून खालीच बसली. असंच चाललं असतं. पण पट्टीवाला मुलगा अचानक उभा राहिला आणि सरळ त्या मुलीला म्हणाला, "मी थांब म्हनलो तवा तुला ऐकू आलं न्हाई का?"

"आलं."

"मग?"

ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. "तू पडला होतास ना. पडलेलं ऱ्हायलं की येतेत मारायला. लय मारतेत."

"कोन?"

ऊसतोडीवरून आलेल्या बाकीच्या लेकरांतलं एकही हसलं नाही. मुलगा म्हणाला, "आमच्या शेतातल्या आखाड्यावर बी काका सालगड्याला म्हनले होते, ताप बीप काय न्हाई, ऊठ. तो उठला अन् परत पडला. मी बघितलं. मला तवा काकाचंच भ्या वाटलं होतं." आणि खाली बसला.

मी टाळी वाजवली नव्हती. काही विचारलंही नव्हतं.

त्यानंतर रोज शेवटच्या तासाला आम्ही गोल बसू लागलो. कधी काहीच निघायचं नाही, नुसता गोंधळ. कधी कुणी सांगायचं, बापानं आईला चुलीतलं लाकूड मारलं तेव्हा मी बाजेखाली जाऊन बसलो. कधी एखादा बढाई मारायचा, मी कुत्र्याच्या पिलाला विहिरीत टाकलं, आणि दुसरा त्याला विचारायचा, "मग ते पवलं का?" मी शिकवत असे असं म्हणवत नाही. मी फक्त घाई करत नसे.

हे फार दिवस चाललं नाही. सालगड्याची गोष्ट घरी पोचली. काका पुन्हा आले. या वेळी बसले नाहीत.

"मॅडम, तुमी शिकवता का चौकशी करता? आमच्या घरातल्या गोष्टी वर्गात कामून निघायलेत? आमचं पोरगं काल मला म्हनतंय, काका, तुमी त्याला दवाखान्यात कामून नेलं न्हाई. नऊ वर्साचं लेकरू मला जाब इचारतंय. हे संस्कार देता तुमी?"

"त्यानं वाईट काय विचारलं?" मी म्हणाले.

"पोराला नाजूक करायलेत तुमी. उद्या शेती कशी संभाळंल हा?"

ते गेल्यावर सरांनी मला बोलावलं. म्हणाले, "तुमचा हेतू चांगला आहे हो. पण अर्ज वर गेला तर उत्तर मलाच द्यावं लागेल. तास पाठ्यपुस्तकाचा घ्या." जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो मुलगा आला नाही. घरच्यांनी त्याचं नाव गंगाखेडच्या शाळेत घातलं होतं. सकाळी पिवळी गाडी त्याला न्यायला येते. आमच्या फाटकासमोरून जाताना तो कधी हात हलवतो, कधी नाही.

मुलगी पाचवीत गेली. वर्ग बदलला तरी मधल्या सुट्टीत माझ्या दाराशी घुटमळायची. ती एकदम गुणी झाली असं काही नाही. नळावर भांडायची, शिव्या द्यायची, एकदा एकीचे केस उपटले. पण पावसाळ्यात पहिलीतलं एक लेकरू व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेलं होतं, तेव्हा तिनं येऊन मला सांगितलं, "मॅडम, त्याचं अंग लय तापलंय. मी हात लावून बघितलं." आणि मी येईपर्यंत ती त्याच्याजवळ बसून राहिली. तिचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले होते. का, ते मी विचारलं नाही. मला वाटतं मला कळलं.

दिवाळी झाली. मी तिच्या आईला म्हटलं, हिला चुलतीकडं ठेवा, मी लक्ष देईन, शाळेत जेवण आहे. आईची तयारी होती. बाप म्हणाला, "लहान्याला कोन संभाळंल, मॅडम? आमी दोघं फडात असतो." त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. त्याच्या हिशोबात दुसरा रस्ताच नव्हता. ट्रॉली गेली, त्यात तीही गेली.

संक्रांतीनंतर एक दिवस मधल्या सुट्टीत फोन वाजला. तिची आई. आवाज चढलेला होता.

"मॅडम, तुमीच समजून सांगा तिला. तुमचं ऐकती ती."

टोळीतल्या एका पोराला हगवण लागली होती. मोळ्या उचलवत नव्हत्या. मुकादमाचा माणूस त्याला दांडक्यानं मारायला लागला, आणि ही त्या दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. दांडकं तिच्या तोंडावर बसलं. ओठ फाटला, एक दात हलायला लागला.

"इथं कोन हाय आमचं? उद्या ह्यो मुकादम आमाला टोळीतनं काढंल. तिला सांगा, मधी पडू नको म्हनावं. पूर्वी बरी होती. पूर्वी निदान आपल्या कडंला तरी ऱ्हायची." मग फोन तिच्याकडं गेला.

"दुखतंय का गं?" मी विचारलं.

"बोलताना दुखतंय." शब्द सुजल्यासारखे येत होते. "मॅडम, मी त्याला मारलं न्हाई. हातात कायच घेतलं न्हाई. नुसती उभी ऱ्हायले."

मी व्हरांड्यात उभी होते. समोर लेकरं खिचडीच्या रांगेत ढकलाढकली करत होती. चांगलं केलंस, हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. ते मी बोलू शकले नाही, कारण तिचा हलणारा दात मला दिसत होता. चूक केलीस, असंही म्हणवेना. मी म्हणाले, "मिठाच्या पाण्यानं चूळ भर. आईजवळ राहा. मी काहीतरी बघते."

"बरं," ती म्हणाली. आणि फोन कट झाला.

मी जे काही बघितलं ते एवढंच. सरांच्या ओळखीचे एक शिक्षक, तिची टोळी ज्या साखर कारखान्याचा ऊस तोडते त्याच्या जवळच्या शाळेत आहेत. सरांनी, कुणाला न सांगता, त्यांना फोन केला. ते कोप्यांकडं जाऊन आले. ओठ भरून येतोय म्हणाले. दाताचं काही सांगता येत नाही. लहान भाऊ झोपला की ती अधूनमधून त्यांच्या शाळेत येऊन बसते. मुकादमाचा माणूस तिथंच आहे. कारखान्यावर, पोलिसात सांगू का, असं त्यांनी तिच्या बापाला विचारलं. बापानं हात जोडले, म्हणाला, आमाला सुखानं हंगाम काढू द्या.

पाठ्यपुस्तकाचा तास मी अजून थोडा आधी संपवते आणि लेकरांना गोल बसवते. सर बघून न बघितल्यासारखं करतात. पण फोननंतर माझ्या बोलण्यातला सैलपणा गेला आहे. परवा एका मुलानं सांगितलं, दोघं भांडत होते तर मी सोडवायला गेलो. सगळी माझ्याकडं बघत होती. मी त्याला शाबासकी द्यायच्या आधी विचारलं, "ते केवढे होते? तुझ्यापेक्षा मोठे होते का? आसपास कुणी मोठं माणूस होतं का?" लेकरं गोंधळली. त्यांना वाटलं, मॅडम रागावली.

पाडव्याच्या सुमाराला ट्रॅक्टर परत येतील. ती येईल, आई येईल. आई मला पहिल्यांदा तेच विचारणार, मधी पडू नको असं सांगितलं का तिला म्हणून. तिला काय उत्तर द्यायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.